कार्यालयात छपाईची मोजणी आणि सुरक्षित छपाई कशी बसवावी : पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधले आमचे मुख्य कार्यालय आणि नवी मुंबईतल्या महापे येथील कारखाना मिळून साधारण दीडशे माणसे आणि चौदा छपाईयंत्रे आहेत. कोण किती छापतो ते मोजणारी आणि कार्ड दाखवल्याशिवाय कागद बाहेर न सोडणारी व्यवस्था बसवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते एका शनिवारचे काम आहे असे मी सांगून बसलो होतो. सॉफ्टवेअर खरोखरच एका दुपारी बसले, पण त्याने दिलेल्या आकड्यांवर लेखा विभागाने विश्वास ठेवण्याजोगी स्थिती यायला साडेतीन महिने लागले. कारण साधे होते. असे सॉफ्टवेअर फक्त आपल्या समोरून जाणारा कागद मोजते, आणि आमच्याकडे कागद जायला निदान पाच वाटा होत्या. या लेखातला बराचसा भाग त्या वाटा शोधण्याचा आणि एक सोडून बाकीच्या बंद करण्याचा आहे.

१. नेमके काय हवे ते आधी लिहून घ्या

‘छपाईवर नियंत्रण’ या नावाखाली तीन वेगळी कामे एकत्र मागितली जातात. पहिले काम मोजणीचे : कोणी, केव्हा, कोणत्या यंत्रावर, किती पाने, रंगीत की काळी, एकपाठी की पाठपोट, याची नोंद ठेवणे. दुसरे मर्यादेचे : ठरलेल्या पानांपलीकडे छापू न देणे किंवा खर्च त्या त्या विभागाच्या नावावर टाकणे. तिसरे सुरक्षित छपाईचे : संगणकावरून दिलेली प्रिंट सर्व्हरवर थांबवून ठेवणे आणि माणूस यंत्रापाशी जाऊन कार्ड किंवा पिन देईल तेव्हाच ती बाहेर सोडणे. आमच्या व्यवस्थापनाला पहिले हवे होते, मनुष्यबळ विभागाला तिसरे, कारण पगारपत्रके सामाईक यंत्रावर पडून राहत होती. दुसरे कोणालाच नीटसे नको होते, तरी विक्रेत्याच्या सादरीकरणात त्याचाच भाग सर्वांत मोठा होता.

माझे मत असे की आधी मोजणी, मग सुरक्षित छपाई हा क्रम ठेवावा आणि मर्यादेचा विचार सहा महिन्यांनी करावा. थांबवलेल्या प्रिंटांपैकी बऱ्याच प्रिंटा घ्यायला कोणी येतच नाही आणि त्या कागद न लागता पुसल्या जातात; त्यामुळे मर्यादा घालून मिळणारी बचत बहुधा न भांडता मिळते.

२. यंत्रांची पाहणी स्वतः फिरून करा

खरेदी विभागाकडच्या यादीवर विसंबू नका. आमच्या यादीत अकरा यंत्रे होती, प्रत्यक्षात चौदा निघाली. त्यांतले एक छोटे लेझर प्रिंटर एका साहेबांच्या कपाटात होते आणि त्याचे टोनर किरकोळ खर्चातून येत होते. प्रत्येक यंत्राचे मॉडेल, अनुक्रमांक, आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), ते नेटवर्कवर आहे की यूएसबी केबलने एकाच संगणकाला जोडलेले, रंगीत आहे का, पाठपोट छापते का आणि त्या दिवसाचे मीटर रीडिंग (यंत्राने आजवर छापलेल्या पानांचा आकडा) काय, हे टिपून घ्या. मीटरचा आकडा लक्षात ठेवून लिहू नका. यंत्राच्या मेनूतून कॉन्फिगरेशनचे पान छापा आणि त्यावर तारीख घाला. पुढे दोन-तीन ठिकाणी हेच पान उपयोगी पडते.

यंत्र मालकीचे आहे की भाड्याचे, हेही याच वेळी पाहा. ठाणे-नवी मुंबईत मोठी झेरॉक्स यंत्रे बहुतेक ठिकाणी प्रतिपान दराच्या करारावर असतात, आणि अशा यंत्राच्या पडद्यावर बाहेरचे सॉफ्टवेअर बसवायला विक्रेत्याची परवानगी लागते. कराराची दोन कलमे मुद्दाम वाचा : ए-थ्री पान एक मोजले जाते की दोन, आणि पाठपोट कागद एक धरतात की दोन. सॉफ्टवेअरची मोजणी आणि विक्रेत्याचे बिल यांत फरक पडल्यावर सर्वांत आधी ही कलमेच उघडावी लागतात.

कॉपियरच्या पडद्यावरच लॉगिन हवे असेल तर त्या मॉडेलमध्ये तशी सोय आहे का, हे उत्पादकाकडून लेखी घ्या. कॅननमध्ये या सोयीला मीप, क्योसेरात हायपास, झेरॉक्समध्ये ईआयपी, एचपीमध्ये ओएक्सपी, कोनिका मिनोल्टात ओपनएपीआय म्हणतात. एकाच कंपनीच्या जुन्या किंवा स्वस्त मॉडेलमध्ये ती नसण्याची शक्यता असते, काही यंत्रांत ती वेगळा परवाना घेऊन उघडावी लागते. आमच्या चौदापैकी पाचच यंत्रे या कामाची निघाली.

३. जवळ ठेवायची कागदपत्रे आणि साधने

– व्यवस्थापनाची लेखी मंजुरी, ज्यात कोणती माहिती नोंदली जाईल आणि ती कोण पाहील हे स्पष्ट असेल.
– प्रत्येक भाडेकराराची आणि देखभाल कराराची प्रत.
– नेटवर्कचा नकाशा : स्विच, व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग), दोन कार्यालये असतील तर त्यांमधला व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी जोडणी).
– कर्मचाऱ्यांची चालू यादी : लॉगिनचे नाव, विभाग, पंचिंग कार्डाचा क्रमांक.
– प्रत्येक यंत्राच्या ॲडमिन पानाचा पासवर्ड. तो विक्रेत्याच्या माणसालाच ठाऊक असेल तर आधी मागून घ्या आणि मग बदला.
– सर्व्हरसाठी स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन, स्पूलसाठी (छापायच्या फाइली थांबतात त्या जागेसाठी) वेगळी ड्राइव्ह, आणि प्रयोगासाठी एक यूएसबी कार्ड रीडर.

४. सॉफ्टवेअर निवडताना

बाजारात पेपरकट, वायसॉफ्ट सेफक्यू, कॅननचे युनिफ्लो अशी नावे ऐकू येतील. पेपरकटच्या दोन आवृत्त्या आहेत : एनजी ही संगणकावरून जाणारी छपाई मोजते, तर एमएफ ही कॉपियरच्या आत बसून झेरॉक्स, स्कॅन आणि फॅक्ससुद्धा मोजते. हा फरक न समजल्यामुळे कमी किमतीची आवृत्ती घेऊन नंतर पस्तावलेले लोक मी पाहिले आहेत. एखाददुसऱ्या संगणकावरची छपाई नुसती पाहायची असेल तर त्याच कंपनीचे प्रिंट लॉगर नावाचे विनामूल्य साधन पुरते. लिनक्सवर कप्स ही छपाईव्यवस्था वापरत असाल तर त्याच्या पेजलॉग फाइलमध्ये वापरकर्ता आणि पाने यांची नोंद मिळू शकते, आणि सेव्हापेज हा मुक्तस्रोत पर्यायही आहे. मात्र तो सांभाळायला लिनक्स जाणणारा माणूस कार्यालयात हवा.

दरपत्रक मागवताना परवाना माणसांवर मोजला जातो की यंत्रांवर, कॉपियरच्या आतल्या भागाचा परवाना वेगळा आहे का, दुसऱ्या वर्षापासून देखभालीची रक्कम किती, आणि कार्ड रीडर त्यात धरले आहेत का, हे चार प्रश्न लेखी विचारा. चाचणीची आवृत्ती मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि ती चाचणी सर्वांत नव्या यंत्रावर न घेता सर्वांत जुन्या यंत्रावर घ्या. नव्या यंत्रावर सगळे चालतेच.

५. सर्व्हर आणि क्यू

सर्व यंत्रांना कायमचा आयपी पत्ता द्या, किंवा डीएचसीपीमध्ये (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेत) त्यांच्यासाठी पत्ता राखून ठेवा. विंडोजने आपणहून शोधलेला प्रिंटर बऱ्याचदा डब्ल्यूएसडी (उपकरणे आपोआप शोधण्याची विंडोजची पद्धत) पोर्टवर बसतो. तो काढून स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट करा, ज्यावर कच्ची छपाई ९१०० क्रमांकाच्या पोर्टने जाते. मोजणी करणारा भाग स्पूलरमधून, म्हणजे छपाईची कामे रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या भागातून, जाणारे काम वाचतो, आणि डब्ल्यूएसडी पोर्टवर त्याचा भरवसा राहत नाही.

स्पूल फोल्डर मुळात सी ड्राइव्हवर असतो, तो पहिल्याच दिवशी हलवा. साध्या छपाईत फाइल क्षणभर राहते आणि जाते. सुरक्षित छपाईत ती माणूस येईपर्यंत तिथेच थांबते. आमच्या डिझाइन विभागाची काही मेगाबाइटची पीडीएफ आरेखने स्पूलमध्ये फुगून गिगाबाइटच्या घरात गेली, सी ड्राइव्ह भरली, आणि सोमवारी सकाळी दोन्ही कार्यालयांची छपाई एकदम थांबली. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, माझा होता.

ड्रायव्हरचे दुखणे २०२१ पासूनचे आहे. त्या वर्षी जुलैमध्ये विंडोजच्या स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही त्रुटी उघड झाली, आणि ऑगस्टच्या अद्यतनानंतर सर्व्हरवरून प्रिंटर ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचे अधिकार लागू लागले. त्यामुळे नवी क्यू (सर्व्हरवरची छपाईची रांग, जी संगणकावर प्रिंटर म्हणून दिसते) जाहीर केल्यावर प्रत्येकाच्या पडद्यावर पासवर्ड मागणारी चौकट येते आणि दूरध्वनी वाजू लागतात. ड्रायव्हर ग्रुप पॉलिसीने (सर्व संगणकांवर एकदम बदल करण्याची विंडोजची सोय) किंवा इतर साधनाने सर्व संगणकांवर आधीच पोहोचवा. ही मर्यादा उठवणारी नोंद रजिस्ट्रीत करता येते, ती करू नका. ती करा असा सल्ला देणारे भेटतील.

पेपरकट बसवले असेल तर त्याचा सर्व्हर मुळात ९१९१ आणि सुरक्षित जोडणीसाठी ९१९२ या पोर्टांवर ऐकतो. हे पान इंटरनेटवर उघडे ठेवू नका. या सॉफ्टवेअरमधली सीव्हीई-२०२३-२७३५० ही गंभीर त्रुटी मार्च २०२३ मध्ये दुरुस्त झाली, तरी अद्यतन न केलेल्या सर्व्हरांवर एप्रिलमध्ये प्रत्यक्ष हल्ले झाले. पासवर्डशिवाय सर्व्हरचा ताबा घेता येईल अशी ती त्रुटी होती. छपाईचा सर्व्हर हा दुय्यम समजून त्याची अद्यतने मागे ठेवण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती इथे महागात पडते.

दुसरे कार्यालय असेल तर तिथे वेगळा प्रिंट सर्व्हर ठेवा. महाप्यातल्या माणसाने दिलेली प्रिंट व्हीपीएनवरून ठाण्याला येऊन पुन्हा महाप्याला जाणे म्हणजे शेजारच्या खोलीत जायला कळवा पूल ओलांडण्यासारखे आहे.

६. माणसांची यादी स्वच्छ करा

ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोज नेटवर्कवरची लॉगिनांची मध्यवर्ती यादी) असेल तर नावे तिथून आपोआप येतात, पण सोडून गेलेल्यांची, दुबार आणि ‘टेस्ट२’ छापाची नावेही त्यांच्याबरोबर येतात. ती आधी काढा. खरा सापळा मात्र सामाईक लॉगिनचा आहे. स्वागतकक्ष, भांडार आणि गेटवरचा संगणक दिवसभर एकाच नावाने उघडा असतो, आणि स्पूलर त्याच नावाने नोंद करतो. अशा संगणकांसाठी छापण्यापूर्वी नाव किंवा पिन विचारणारी चौकट लावता येते. ती फक्त तिथेच लावा, सर्वत्र लावली तर लोक कंटाळतात. ईआरपीमधून (कंपनीच्या एकत्रित कारभाराच्या सॉफ्टवेअरमधून) सर्व्हरवरच तयार होणारी छपाई सेवाखात्याच्या, म्हणजे माणसाच्या नव्हे तर सॉफ्टवेअरच्या लॉगिनच्या, नावावर पडते, तिचाही विभाग आधी ठरवून घ्या.

काही यंत्रे या व्यवस्थेबाहेर ठेवणे शहाणपणाचे आहे. धनादेश आणि चलने छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्सची पाने अचूक मोजली जात नाहीत. बारकोड लेबलच्या प्रिंटरला पान ही कल्पनाच लागू नाही. आणि डिस्पॅचचे यंत्र मोजणीत घ्या, पण तिथली प्रिंट थांबवू नका. ई-वे बिल आणि डिलिव्हरी चलन हातात पडेपर्यंत गाडी गेटबाहेर पडत नाही. रात्री साडेदहाला मालाने भरलेला ट्रक उभा आहे, भांडारातल्या माणसाचे कार्ड घरी राहिले आहे आणि चालक हॉर्न वाजवतो आहे, हा प्रसंग आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात घडला.

७. मोजणी सुरू करण्यापूर्वी लोकांना लेखी सांगा

‘आधी गुपचूप मोजू, मग सांगू’ असा सल्ला मला दोघांनी दिला होता. तो मी मानला नाही, आणि तुम्हीही मानू नका. छपाईच्या नोंदीत माणसाचे नाव, वेळ आणि फाइलचे नाव असते. ‘राजीनामा’, ‘गृहकर्ज अर्ज’, ‘सोनोग्राफी रिपोर्ट’ अशी फाइलची नावे बरेच काही सांगून जातात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीची जी व्याख्या आहे, तिच्यात हे सहज बसते. त्यामुळे काय नोंदले जाते, काय नोंदले जात नाही, नोंद किती महिने ठेवली जाते आणि ती कोण पाहू शकतो, हे एका पानाच्या सूचनेत मराठीत आणि कार्यालयाच्या दुसऱ्या भाषेत लिहून द्या. काही सॉफ्टवेअरमध्ये छापलेल्या पानांची प्रतिमा साठवण्याची सोय असते. ती बंद ठेवा आणि बंद ठेवल्याचे सूचनेत लिहा. विभागप्रमुखांना मिळणाऱ्या अहवालातून फाइलचे नाव वगळता येते, तेही करा.

सूचनेची प्रत यंत्राच्या वरच्या भिंतीवर लावली की शंका तिथेच फिटतात. आम्हाला सर्वाधिक विचारलेला प्रश्न खासगी छपाईचा नव्हता, ‘कागद अडकला तर पाने कोणाच्या नावावर?’ हा होता.

८. एक महिना नुसते मोजा आणि मीटरशी ताडून पाहा

या महिन्यात काहीही अडवू नका. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक यंत्राचे कॉन्फिगरेशनचे पान छापा, मीटरमधला फरक काढा आणि तो सॉफ्टवेअरच्या बेरजेशेजारी ठेवा. मुख्य कार्यालयातल्या मोठ्या यंत्रावर आमच्या सॉफ्टवेअरला मीटरच्या जेमतेम दोन तृतीयांश पाने दिसली होती. विक्रेत्याचा प्रतिनिधी म्हणाला, इतका फरक असतोच. तसे नसते. कारणे एकेक करून सापडतात, आणि ती शोधण्यातच या कामाचा अर्धा वेळ जातो.

पहिले कारण झेरॉक्स : यंत्राच्या काचेवर ठेवून काढलेल्या प्रती संगणकामार्फत जात नाहीत, म्हणून कॉपियरच्या आत सॉफ्टवेअर नसेल तर त्या दिसत नाहीत. दुसरे, लॅपटॉपवर पूर्वी कधीतरी थेट आयपी पत्त्याने बसवलेले प्रिंटर. ते सर्व्हरला वळसा घालून जातात आणि वापरणाऱ्याला याची कल्पनाही नसते. तिसरे यूएसबी केबल. चौथे, मोबाइलवरून वायफाय डायरेक्टने केलेली छपाई. पाचवे, यंत्रावर आलेले फॅक्स आणि यंत्राने स्वतः छापलेले अहवाल. यांशिवाय उलट दिशेची चूकही होते : सॉफ्टवेअरने पाने स्पूलमध्येच मोजली, आणि कागद अडकल्यामुळे माणसाने तीच फाइल पुन्हा दिली, की नोंद दुप्पट होते. यंत्राकडून एसएनएमपीने (नेटवर्कवरून यंत्राची स्थिती विचारण्याची पद्धत) छापलेल्या पानांचा आकडा घेऊन मगच नोंद पक्की करण्याची सोय असेल तर ती चालू करा.

कागद अडकणे विशेषतः पावसाळ्यात जाणवते. जुलै-ऑगस्टमध्ये उघड्या पडलेल्या रिमचा कागद ओल धरतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात आणि अडकतात. एक रिम उघडली की उरलेले कागद वेष्टनात गुंडाळून ठेवा आणि चाचणीचा महिना शक्यतो पावसाळ्याबाहेर धरा. आम्ही जुलै धरला होता.

अहवाल सीएसव्हीत उतरवून थेट एक्सेलमध्ये उघडला तर मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती यूटीएफ-८ म्हणून आत घ्या.

९. आडवाटा बंद करा

आता प्रत्येक यंत्राच्या ॲडमिन पानावर जा. मूळ पासवर्ड बदला. ॲक्सेस कंट्रोल किंवा आयपी फिल्टर या नावाची यादी असते, तीत प्रिंट सर्व्हरचा पत्ता घाला, म्हणजे इतर कोणत्याही संगणकाची छपाई यंत्र स्वीकारणार नाही. त्याआधी तुमच्या स्वतःच्या संगणकाचा पत्ता त्याच यादीत घालायला विसरू नका, नाहीतर तुम्हीच बाहेर राहाल आणि यंत्र मूळ स्थितीत नेण्यासाठी विक्रेत्याला बोलवावे लागेल. वापरात नसलेली एलपीडी, एफटीपी, एअरप्रिंट, वायफाय डायरेक्ट ही दारे बंद करा. यूएसबी छपाईही मेनूतून बंद होते. नुसती केबल काढून नेली तर तशीच केबल कोणाच्याही खणात सापडते.

यंत्रांसाठी वेगळा व्हीलॅन करून स्विचवरच वाट अडवणे हा अधिक पक्का उपाय आहे, पण तो करताना सर्व्हरला एसएनएमपीचा १६१ क्रमांकाचा यूडीपी पोर्ट उघडा ठेवा. तो अडला की पोर्टच्या गुणधर्मात एसएनएमपी स्थिती चालू असल्यास विंडोज ठणठणीत प्रिंटरलाही ऑफलाइन दाखवते. विक्रेता दुरून मीटर वाचत असेल तर त्यालाही आधी कळवा.

हे काम एका रात्रीत सगळीकडे करू नका. रोज दोन यंत्रे घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे स्वतः उभे राहा. ‘कालपर्यंत चालत होते’ म्हणत येणारा प्रत्येक माणूस तुम्हाला एक आडवाट दाखवून देतो.

१०. कार्डाचे गणित

हजेरीचे कार्डच छपाईला चालावे असे सर्वांना वाटते, आणि बहुतेकदा ते चालतेही, पण रीडर मागवण्यापूर्वी कार्डाची जात ओळखा. १२५ किलोहर्ट्झची साधी प्रॉक्सिमिटी कार्डे आणि १३.५६ मेगाहर्ट्झची मायफेअर कार्डे दिसायला सारखीच असतात, पण एकाचा रीडर दुसऱ्याला वाचत नाही. दोन्ही वाचणारे रीडर महाग पडतात, तरी दोन कार्यालयांत दोन प्रकारची कार्डे असतील तर तेच घ्या.

आधी एकच रीडर आणा. तो यूएसबीने संगणकाला लावा, नोटपॅड उघडा आणि कार्ड टेकवा. उमटलेला क्रमांक पंचिंग मशीनच्या यादीतल्या क्रमांकाशी जुळेलच असे नाही. कार्डावर कधी दहा अंकी क्रमांक असतो, कधी स्वल्पविरामाने तोडलेले तीन आणि पाच अंक. रीडर तोच क्रमांक षोडशमान पद्धतीत किंवा बाइटांचा क्रम उलटवून देतो. पाच-सहा कार्डे वाचून नियम शोधा आणि तो रीडरच्या किंवा सॉफ्टवेअरच्या रचनेत बसवा. यादी एक्सेलमधून आणताना तो स्तंभ आधी टेक्स्ट करा, कारण एक्सेल सुरुवातीची शून्ये खाऊन टाकते. आमची तीसेक माणसे ‘कार्ड ओळखले नाही’ म्हणून परत गेली, ती या शून्यांपायी.

याहून सोपा मार्ग म्हणजे पहिल्यांदा कार्ड टेकवल्यावर माणसाने आपले लॉगिन एकदा द्यायचे आणि कार्ड आपोआप जोडले जायचे. कार्ड विसरणाऱ्यांसाठी पिनची सोय ठेवा.

११. सुरक्षित छपाई एका मजल्यापासून

सर्वांना एकच क्यू द्यायची आणि कोणत्याही यंत्रापाशी जाऊन प्रिंट काढायची, ही कल्पना लोकांना आवडते. सकाळी वागळे इस्टेटमध्ये दिलेली प्रिंट ऐरोली-रबाळे मागे टाकत महाप्याला पोहोचल्यावर तिथे काढता येते, हे पाहून आमचे विक्री विभागाचे लोक खूश झाले. मात्र एका क्यूला एकच ड्रायव्हर असतो, आणि यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर सर्वसाधारण ड्रायव्हर घ्यावा लागतो, ज्यात स्टेपल, लेटरहेडचा ट्रे, पुस्तिकेची घडी या सोयी हरवू शकतात. आम्ही शेवटी दोन क्यू ठेवल्या : एक रोजच्या ए-फोर कामाची, दुसरी मोठ्या यंत्रांची.

पाठपोट छपाई मूळ स्थिती म्हणून ठेवा, सक्तीची करू नका. लेटरहेड, प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक कागद आणि बँकेचे फॉर्म पाठीमागे छापले गेले तर बचतीपेक्षा नुकसान मोठे होते.

थांबलेली प्रिंट किती वेळ ठेवायची, हा वादाचा विषय होतो. आम्ही २४ तास ठरवले. दोन तासांनी पुसल्या जाणाऱ्या प्रिंटांबद्दल दुपारच्या बैठकीवाल्यांची तक्रार होती, आणि तीन दिवस ठेवले तर ड्राइव्ह भरते. सुरुवातीला मनुष्यबळ आणि लेखा विभागाचा मजला घ्या, कारण गोपनीयतेची गरज त्यांना आहे आणि तेच थोडी गैरसोय सोसतात. संध्याकाळी साडेपाच ते सहा या वेळेत यंत्रापाशी उभे राहून पाहा. लोकल पकडायची असलेली माणसे एकदम येतात आणि कार्ड टेकवून एकेक फाइल निवडत बसतात. लॉगिन करताच सर्व प्रिंटा निघाव्यात अशी रचना केली की ती रांग संपते.

सर्व्हर बंद पडला तर काय, हे आधी ठरवा. आमच्याकडे दोन्ही ठिकाणी एकेक साधे यूएसबी प्रिंटर कुलूपबंद कपाटात आहे. किल्ली प्रशासन अधिकाऱ्याकडे असते आणि ते वापरल्याची नोंद वहीत होते. वीज जाण्याचा विचार करताना सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर ठेवा, लेझर प्रिंटर मात्र ठेवू नका. त्यातला फ्यूजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) तापताना इतका प्रवाह ओढतो की छोटा यूपीएस बंद पडतो.

१२. चालू झाल्यानंतर

अहवाल विभागवार द्या. आमच्या एका अधिकाऱ्यांनी पहिल्याच महिन्यात सर्वाधिक छापणाऱ्या दहा जणांची नावे सूचनाफलकावर लावली. पहिल्या क्रमांकावर लेखा विभागातल्या एक ज्येष्ठ बाई होत्या, कारण सर्व ग्राहकांची बिले त्यांच्याच लॉगिनमधून छापली जात होती. फलकावरचा कागद दुपारी उतरला, पण त्या बाईंचा राग उतरायला बराच काळ लागला, आणि व्यवस्थेबद्दलचा संशयही त्याबरोबर वाढला.

दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी मीटर आणि सॉफ्टवेअर यांचा ताळा करा, आणि भाड्याच्या यंत्राचे बिल मंजूर करण्यापूर्वी तो लेखा विभागाला द्या. फरक अचानक वाढला तर कुठेतरी नवी आडवाट उघडली आहे. बहुधा देखभालीला आलेल्या माणसाने यंत्र मूळ स्थितीत नेऊन आयपी फिल्टर पुसलेला असतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो तपासण्याची ओळ देखभालीच्या नोंदवहीतच छापून घ्या. डेटाबेसची बॅकअप प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून एकदा तरी चालते का ते पाहा. नोकरी सोडणाऱ्याच्या नाहरकत पत्रकात, कार्ड परत घेण्याच्या रकान्याखाली, त्याच्या थांबलेल्या प्रिंटा पुसण्याचा आणि छपाईचे खाते बंद करण्याचा रकाना वाढवा.